चिनी कवितेला वृत्त संस्कृतामुळे मिळालं का?

पिंपळपान

थांग काळातली (इ.स. ६१८ ते ९०७) चिनी कविता भाषांतरात वाचली की मुक्तछंदच वाटते. चंद्र, दारू, होडी, निरोप, झालं. मुळात मात्र ती आपल्या मंदाक्रांतेइतकीच शिस्तीची आहे. 'ल्यूषी' नावाच्या प्रकारात आठ ओळी, ओळीत पाच किंवा सात अक्षरं, सम ओळींना यमक आणि मधल्या दोन जोड्यांत नामासमोर नाम, क्रियापदासमोर क्रियापद. या सगळ्यावर पुन्हा सुरांचा नियम. त्या काळच्या चिनीत प्रत्येक अक्षराला चारपैकी एक सूर असे. पहिला सपाट, दुसरा चढता, तिसरा 'जाणारा' आणि चौथा शेवटी प्, त् किंवा क् असा तोडून म्हणायचा. कवितेपुरते यांचे गट दोनच. सपाट एकीकडे, उरलेले तिन्ही 'वाकडे' म्हणून दुसरीकडे.

थांग काळातला थोर कवी दू फू याची ७५७ सालची वसंतावरची कविता घ्या. बंडखोरांच्या ताब्यातल्या छांगआन शहरात तो अडकला होता, तेव्हाची. राज्य मोडलं, डोंगरनद्या तशाच आहेत. शहरात वसंत आला, गवतझाडं दाटली. या पहिल्या दोन ओळी. सपाटला स आणि वाकड्याला व म्हटलं तर त्या अशा दिसतात:

व व स स व
स स व व स

वरून खाली बोट फिरवा, पाचही जागी उलट. पुढेही हाच खेळ चालतो, फक्त पहिल्या-तिसऱ्या अक्षराला थोडी सूट मिळते.

आता धाग्याचा विषय. पाचव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चिनी कवितेत हा नियम नव्हता. 'षीचिंग' या सर्वांत जुन्या संग्रहातल्या ३०५ गीतांपासून पुढे हजारेक वर्षं अक्षरसंख्या आणि यमक यांवर काम भागलं. मग युंगमिंग राजवर्षांत (४८३ ते ४९३), आजच्या नानचिंगमध्ये, शन युए (४४१ ते ५१३) आणि त्याच्या दरबारी मित्रांनी सुरांचे नियम बांधायला घेतले. त्याचबरोबर 'आठ दोषां'ची यादीही आली. हे एकाएकी कसं झालं? १९९१ साली व्हिक्टर मेअर आणि त्सू-लिन मेई यांनी हार्वर्डच्या आशियाविषयक नियतकालिकात दीर्घ निबंध लिहून उत्तर दिलं, की हे संस्कृत छंदशास्त्रामुळे झालं. बौद्ध सूत्रांची भाषांतरं करताना चिनी विद्वानांच्या कानावर श्लोक पडले, तसला नाद आपल्या भाषेत हवा असं त्यांना वाटलं, आणि लघु-गुरू नसलेल्या भाषेत त्यांनी ते काम सुरांकडून करून घेतलं.

शन युएने ४८८ च्या सुमारास लिहिलेल्या एका टिपणात नियम असा सांगितलाय, की दोन ओळींमध्ये 'हलकं' आणि 'जड' यांची सगळीकडे अदलाबदल व्हायला हवी. हलकं-जड म्हणजे लघु-गुरूच, असं मेअर-मेई म्हणतात.

माझं मत अर्धं त्यांच्या बाजूने आहे. पण आधी तुमचं ऐकायचंय.

खडूसकाका

झालं सुरू. विमानं झाली, प्लास्टिक सर्जरी झाली, आता चिनी कविता.

बरं, गंमत सोडा. ज्या भाषांनी संस्कृत वृत्तं खरंच घेतली तिथे काय दिसतं? जावा बेटावरच्या जुन्या 'काकाविन' काव्यात शार्दूलविक्रीडित नावासकट सापडतं. थाई भाषेत 'छन्' म्हणून संस्कृत-पाली वृत्तं आजही शिकवतात. कर्ज घेतलं की खातेवहीत नोंद राहते. चीनमध्ये एकाही संस्कृत वृत्ताचं नाव चिनी कवितेच्या वृत्ताला लागलेलं नाही. मग कशाच्या जोरावर?

वृत्तवेडा

काकांशी पहिल्यांदाच सहमत, तारीख लिहून ठेवतो.

लघु-गुरू हा काळाचा हिशेब आहे. एक मात्रा, दोन मात्रा. सूर हा उंचीचा हिशेब. मराठीला ऱ्हस्व-दीर्घ आधीपासून होते, म्हणून ओवी-अभंगाच्या अक्षरछंदाशेजारी वामन पंडितांना श्लोक आणि मोरोपंतांना आर्या सरळ आणून बसवता आल्या. चिनीत बसवणार कशावर? आणि सूत्रांमधले बहुतेक श्लोक अनुष्टुभात. तो किती सैल असतो ते शाळेत पाठ केलंय सगळ्यांनी: पाचवं लघु, सहावं गुरू, सातव्याचं चरणाप्रमाणे बदलायचं, बाकी मोकळं रान. एवढ्या सैल छंदातून एवढा घट्ट नियम निघेल?

पिंपळपान

@वृत्तवेडा, तुमचा मुद्दा रास्त आहे, पण मेअर-मेईसुद्धा वृत्त जसंच्या तसं उचललं असं म्हणत नाहीत. त्यांचं म्हणणं, 'दोन विरुद्ध गटांची आलटूनपालटून मांडणी' ही कल्पना गेली. चार सुरांचे दोन गट का पाडले याला चिनी भाषेत तसं कारण दिसत नाही. चढता, जाणारा आणि तोडलेला या तिघांत कानाला समान असं काय आहे? मनात आधीच दोनाचं खातं असेल तरच कुणी असे गट पाडेल.

कुमारजीवाचंही बघा. वडील भारतीय, आई मध्य आशियातल्या कुचा राज्याची राजकन्या. ४०१ साली छांगआनला पोचला आणि भाषांतराचा कारखाना उघडला. त्याने शिष्याला सांगितलेलं चिनी भिक्षुचरित्रांत नोंदलेलं आहे: भारतात रचनेच्या नादाला फार मान, राजासमोर जातानाही स्तुतिपर कवनं म्हणतात, पण चिनीत आणलं की ती गोडी जाते, आपण चावलेला घास दुसऱ्याच्या तोंडात घातल्यासारखं, चव तर जातेच, वर ओकारी येते. शन युएच्या आधी ऐंशी-नव्वद वर्षं ही तक्रार उघड बोलली जात होती. शिवाय दरम्यानच्या काळातला थोर निसर्गकवी श्ये लिंगयुन (३८५ ते ४३३) याने संस्कृत वर्णांवर टिपण लिहिलं होतं. म्हणजे कवींच्या घरात हा विषय पोचला होता.

चहाटळ

वाचतोय. खुर्ची टाकली आहे. शेंगदाणे आणा कुणीतरी.

मुक्काम_हाँगकाँग

माझी जरा वेगळी भर. इथे शेजारच्या मुलीला शाळेत थांग कविता पाठ करायला असतात. तिच्याकडून तीच दू फूची कविता कँटोनीजमध्ये ऐकली आणि मग बीजिंगच्या एका सहकाऱ्याकडून मँडरिनमध्ये. 'राज्य' या अर्थाचं पहिलंच अक्षर घ्या. मँडरिनमध्ये 'ग्वो', सूर आजचा चढता (वरच्या चारांतला जुना 'चढता' नव्हे), आणि आजच्या हिशेबाने तो सपाट गटात पडतो. म्हणजे पिंपळपान यांच्या तक्त्यातला पहिला 'व' गळाला. कँटोनीजमध्ये मात्र 'ग्वोक', शेवटचा क् जागेवर. तोडलेला सूर, पक्का वाकडा. दुसऱ्या ओळीतलं 'झाड'ही तसंच, मँडरिन 'मू', कँटोनीज 'मुक'.

यमकाची अक्षरं बघा: मँडरिनमध्ये षन, शिन, चिन, सगळी न्-कारान्त. कँटोनीजमध्ये सम, सम, गम. दू फूच्या काळी तिथे म् होता, तो दक्षिणेत टिकला. त्यामुळे हाँगकाँगचे लोक अगदी कॉलर ताठ करून सांगतात की थांग कविता आमच्याच तोंडी शोभते. उत्तरेकडचे हसतात, पण वृत्त तपासायचं झालं की मुकाट्याने जुन्या यमककोशात बघतात. ६०१ सालचा 'छ्येयुन' कोश आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्या नसत्या तर हे वृत्तबित्त आज कळलंही नसतं. आता तर कविता टाकली की प्रत्येक अक्षराखाली सपाट-वाकडं दाखवणारी चिनी संकेतस्थळं आहेत. सोय झाली, पण कान गेला असं इथले म्हातारे म्हणतात.

सई_वाचते

काय सुंदर प्रतिसाद! @मुक्काम, ध्वनिमुद्रण टाकता आलं तर टाका ना. त्या मुलीच्या आईला विचारून, अर्थात.

जुनाट

सूर मुळात आले कुठून, हा प्रश्न वेगळा ठेवायला हवा. धाग्यात दोन्ही मिसळताहेत.

मेअर-मेईच्या खूप आधी, १९३४ साली, चेन यिनके (१८९० ते १९६९) यांनी 'चार सूर' या विषयावर निबंध लिहिला. साधा माणूस नव्हे. हार्वर्डला लॅनमनकडे आणि बर्लिनला ल्यूडर्सकडे संस्कृत शिकलेला. त्यांचा तर्क असा: तोडलेला चौथा सूर सहज वेगळा ओळखू येतो, पण उरलेले तीन भारतीय सूत्रपठणातल्या उदात्त-अनुदात्त-स्वरितावरून ओळखले गेले. ४८९ साली राजपुत्र श्याव त्झल्यांगने राजधानीत पठणात निष्णात भिक्षूंना बोलावून नवे सूर बसवून घेतले, त्या बैठकीवर त्यांचा भर. शन युए याच राजपुत्राच्या गोटातला.

मांडणी देखणी, पण टिकली नाही. १९५४ साली ओड्रिकूर या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने व्हिएतनामी सुरांची उपपत्ती लावून दाखवली, की शब्दाच्या शेवटची व्यंजनं झिजली आणि त्यांच्या जागी सूर राहिले. पुढे तीच चावी चिनीला लागली. 'जाणारा' सूर जुन्या अंत्य स् मधून आला असं आज बहुतेक मानतात. म्हणजे सूर घरचे. बाहेरून काही आलंच असेल तर त्यांच्याकडे बघायची नजर.

मुळामुठा

@जुनाट, चेन यिनकेंना सगळ्यात धारदार उत्तर दिलं ते राओ झोंगयी (१९१७ ते २०१८) यांनी, आणि तो माणूस आमच्या पुण्यात येऊन गेलाय! १९६३ साली भांडारकर संस्थेत संशोधनासाठी होते. संस्कृत त्याआधीच शिकलेले, तेही हाँगकाँगमध्ये, एका मराठी माणसाकडून: वसंत परांजपे. परांजपे १९४७ साली शिष्यवृत्तीवर पेकिंगला गेले, पुढे परराष्ट्र सेवेत शिरले आणि १९५४ साली नेहरू-माओ भेटीत दुभाषे होते. हाँगकाँगमधल्या नेमणुकीत त्यांनी राओंना संस्कृत शिकवलं आणि राओंनी त्यांना जुनी चिनी. पैशांचा व्यवहार नाही, विद्येची फिट्टंफाट. भारतातल्या त्या प्रवासावर राओंनी जुन्या धाटणीच्या चिनी कविताही केल्या.

राओंचा आक्षेप वेदाच्या विद्यार्थ्याला लगेच पटेल. उदात्त-अनुदात्त हे वेदपठणाचे. विनयपिटकात भिक्षूंना बुद्धवचन तसं म्हणायला मनाई आहे. मग नानचिंगला पोचलेल्या भिक्षूंच्या तोंडी वैदिक स्वर येणार कुठून? शिवाय लौकिक संस्कृतातून ते स्वर केव्हाच गेले होते.

आणखी एक. पु. वि. बापट फर्ग्युसनमध्ये असताना चिनी बौद्ध ग्रंथांवर काम करत होते. विसुद्धिमग्ग या पाली बौद्ध ग्रंथाची तुलना त्यांनी १९३७ साली चिनीतच टिकलेल्या विमुत्तिमग्गाशी केली. म्हणजे पुण्याला हा विषय परका नव्हता. आज कुणाला बापटांचं नावही माहीत नाही, हे आपलं नेहमीचंच.

खडूसकाका

मुळामुठा, पुणं आलं. धागा आता पूर्ण झाला असं समजू का?

मुळामुठा

काका, पुरावा दिलाय, टोमणा नको.

पिंपळपान

@जुनाट, @मुळामुठा, दंडवत.

'नजर' हा शब्द बरोबर पडला. सूर असणं आणि सूर आहेत हे कळणं, यांत फरक आहे. ल्यांग घराण्याचा सम्राट वू स्वतः कवी, शन युएच्याच कंपूतला, बौद्धांचा मोठा आश्रयदाता. त्याने एकदा विचारलं, हे चार सूर चार सूर म्हणतात ते काय असतं? दरबारी चौ श उत्तरला: 'थ्येन त्झ षंग च.' अर्थ, 'स्वर्गपुत्र ज्ञानी आणि बुद्धिमान आहेत.' चार अक्षरं, ओळीने चारी सूर, आणि वर मस्का. सम्राटाने मात्र ते नियम वापरले नाहीत असं इतिहासात नोंदलंय. जन्मभर चिनी बोललेला सुशिक्षित माणूस सूर म्हणजे काय हे विचारतो! ऱ्हस्व-दीर्घ सगळे बोलतात, पण लगक्रम मांडायला शिकवावाच लागतो, तसं ते आहे.

खडूसकाका

मग त्याच काळातल्या चिनी लोकांचं काय म्हणणं होतं तेही सांगा की. शन युएने त्या टिपणात छाती ठोकून लिहिलं की हे गुपित छ्यू युआन या प्राचीन कवीपासून आजवर कुणाला दिसलं नव्हतं. भारताचं नाव नाही, भिक्षूंचं नाव नाही, सगळं श्रेय खिशात. त्यावर लू च्युए नावाच्या तरुणाने पत्र पाठवलं, की महाशय, जुन्यांनाही हे ठाऊक होतं, त्यांनी नियम म्हणून लिहिलं नाही इतकंच. आणि चुंग रुंग हा समीक्षक तर फटकळच. म्हणे कविता मोठ्याने वाचताना जीभ अडखळली नाही की पुरे; चार सूर मला जमत नाहीत, आणि तुमचे ते 'गांधीलमाशीची कंबर' नि 'करकोच्याचा गुडघा' गल्लीतल्या गाण्यांतही सापडतात.

बाहेरून आयात केलेल्या मालावर देशी टीकाकार सर्वांत आधी काय म्हणतो? 'हे परदेशी आहे.' यांच्यापैकी एकानेही तसं म्हटलेलं नाही. तुमच्या मेअर-मेईंनी याचं उत्तर द्यावं.

सई_वाचते

गांधीलमाशीची कंबर म्हणजे काय हो? नाव फार आवडलं.

पिंपळपान

पाच अक्षरांच्या ओळीत दुसरं आणि पाचवं एकाच सुरात आलं की कंबर बारीक झाली. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीचं शेवटचं अक्षर एकाच सुरात आलं की करकोच्याचा गुडघा. 'सपाट डोकं' आणि 'उचललेली शेपूट' असेही दोष आहेत, ओळींच्या सुरुवातीचे आणि शेवटाचे. ही यादी आपल्यापर्यंत आली ती जपानमुळे. कूकाई हा भिक्षू ८०४ साली चीनला गेला, तिथे प्राज्ञ या भारतीय भिक्षूकडे संस्कृत शिकला, ८०६ ला परतला आणि पुढे चिनी काव्यशास्त्राच्या पुस्तकांतले उतारे एकत्र केले. ती मूळ पुस्तकं चीनमध्ये बहुतांशी हरवली. चिनी वृत्ताचा इतिहास लिहायचा तर जपानी मठातून मिळालेल्या वहीवर विसंबावं लागतं आणि ती वही करणारा संस्कृतसाठीची सिद्धम् लिपी गिरवणारा माणूस. मला हा सगळाच प्रकार भारी वाटतो.

दोषांची यादी हाच मेअर-मेईंचा हुकमी पत्ता आहे. काव्याचे दोष मोजून नावं देण्याची पद्धत चीनमध्ये त्याआधी अशी नव्हती, आणि भरताच्या नाट्यशास्त्रात दहा काव्यदोष आहेत.

वृत्तवेडा

थांबा. हे मी बसून ताडून पाहिलं. भरताचे दहा: गूढार्थ, अर्थांतर, अर्थहीन, भिन्नार्थ, एकार्थ, अभिप्लुतार्थ, न्यायादपेत, विषम, विसंधि, शब्दच्युत. यांतला विषम वृत्ताचा, विसंधि संधीचा. शब्दच्युत व्याकरणात जाईल. बाकी सगळे अर्थाचे. चिनी आठ बघा: चार सुरांचे, दोन यमकाचे, दोन एकाच ओळीत तेच ते उच्चार आल्याचे. आठच्या आठ कानाचे, अर्थाचा एक नाही. भामह या संस्कृत काव्यशास्त्रकाराकडे यतिभ्रष्ट, भिन्नवृत्त आणि विसंधि असे तीन नादाचे मिळतात, पण भामह शन युएनंतरचा. त्याच्याकडून शन युएने घेतलं म्हणणं म्हणजे नातवाने आजोबाला दत्तक घेणं.

त्यामुळे पत्ता हुकमी नाही. फार तर चौकट मिळते.

खडूसकाका

वृत्तवेडा, चहा माझ्याकडून.

पिंपळपान

ही यादी समोर ठेवल्यावर मीही चौकटीपाशीच थांबतो. काव्याला दोष असतात, ते मोजता येतात, त्यांना नावं देता येतात आणि अक्षराच्या जागेला नियम लावता येतो, एवढं सूत्रांबरोबर गेलं असेल. आत काय भरायचं ते त्यांनी स्वतःच्या कानाने ठरवलं. आणि काकांच्या जावा-थायलंडच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर आहे: तिथे दरबार संस्कृत वाचत होते, नानचिंगचा दरबार भाषांतरं वाचत होता. मूळ वृत्ताचं नाव पोचणार कुठून?

दोन गटांचं कोडं मात्र मला अजून मेअर-मेईंच्या बाजूला ओढतं. सुरुवातीचे दोष चारही सूर वेगवेगळे धरतात. सपाट-विरुद्ध-वाकडे ही सरळ विभागणी नंतर ठाशीव होत गेली, आणि ल्यूषीचा साचा पक्का झाला तो सातव्या शतकाच्या अखेरीस, शन छ्वानछी आणि सुंग चवन या दरबारी कवींच्या हातून. संस्कृतचा धक्का ४८८ ला बसला तर दोन गट व्हायला इतका वेळ का लागला?

जुनाट

कदाचित दोनचा नियम गाण्या-म्हणण्याच्या सोयीतून आला. सपाट सूर लांबवता येतो, बाकीचे लांबवले की बिघडतात, आणि चौथा तर लांबवताच येत नाही. असं मानणारे बरेच आहेत. तसं असेल तर तो पुन्हा काळाचाच हिशेब झाला, वृत्तवेडा.

वृत्तवेडा

म्हणजे सपाट तो गुरू आणि वाकडा तो लघु? आता पुन्हा तक्ता मांडायला बसतो. @मुक्काम, त्या मुलीचं ध्वनिमुद्रण मिळालं तर सावकाश म्हटलेलं पाठवा, प्रत्येक अक्षराची लांबी मोजायची आहे.

मुक्काम_हाँगकाँग

आईची परवानगी मिळाली. पण पोरगी म्हणते फुकट म्हणणार नाही.

नवखी

मी वाचकच आहे, चिनी येत नाही. सुरुवात कुठून करू?

मुक्काम_हाँगकाँग

दू फूपासूनच करा. स्टीफन ओवेन यांनी त्याच्या जवळपास चौदाशे कवितांचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर २०१६ साली सहा खंडांत केलं, मूळ चिनी समोरच्या पानावर, आणि ते जालावर फुकट उतरवून घेता येतं. सगळं वाचायच्या फंदात पडू नका. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सम्राट खांगशीच्या हुकमाने थांग कवितांचा समग्र संग्रह केला तर जवळपास ४९ हजार कविता आणि बावीसशेच्या वर कवी निघाले. म्हणूनच लोक अडीचशे वर्षं निवडक तीनशेच्या संग्रहावर भागवतात. आधी पाच अक्षरांच्या चार ओळींच्या कविता घ्या, मग आठ ओळींकडे या.